पहिली खिडकी उघडताना

संगणकाच्या पडद्यावर एक रिकामी खिडकी उघडावी, तिच्या माथ्यावर नाव दिसावे, आत एक बटण असावे आणि ते दाबताच काहीतरी घडावे, एवढी माफक अपेक्षा ठेवून प्रोग्रॅमिंग शिकायला बसलेल्या नवशिक्याचे पहिले काही दिवस बहुधा आज्ञावली लिहिण्यात जातच नाहीत. ते जातात कंपायलर संगणकावर नीट बसवण्यात. पुस्तकातील उदाहरण स्वल्पविरामासह जसेच्या तसे उतरवले, तरी पडद्यावर चुकांची लांबलचक यादी उमटते आणि प्रथमग्रासे मक्षिकापात होतो. अनेक जण याच ठिकाणी हा नाद सोडून देतात. हा विषय आपल्याला जमणारा नाही, असा त्यांचा समज होतो. वस्तुतः या टप्प्यावरील चुकांचा तर्कशक्तीशी किंवा भाषेच्या आकलनाशी फारसा संबंध नसतो. त्यांचे उगम ठरावीक आहेत आणि एकदा ते ओळखता आले, की त्यांतील बहुतेकांचे निवारणही ठरावीक आहे.

तीन टप्पे, तीन प्रकारच्या चुका

बोलीभाषेत ज्याला आपण कंपायलर म्हणतो, तो एकटा नसतो; ती एक साखळी असते. लिहिलेली आज्ञावली प्रथम पूर्वप्रक्रियेतून जाते. तेथे ‘इन्क्लूड’ या शब्दाने मागवलेल्या हेडर फाइली मूळ मजकुरात मिसळल्या जातात. त्यानंतर खरा कंपायलर त्या मजकुराचे यंत्राला समजणाऱ्या भाषेत रूपांतर करतो. शेवटी लिंकर नावाचा कार्यक्रम हे रूपांतरित तुकडे आणि लायब्ररीतील तयार भाग एकमेकांना जोडून चालवता येईल अशी फाइल तयार करतो.

साध्या अक्षरी आज्ञावलीत हे सारे पडद्याआड घडते. ‘प्रिंटएफ’ हे फंक्शन सी भाषेच्या प्रमाणित लायब्ररीत असते आणि ती लायब्ररी न सांगता जोडली जाते. खिडकीचे तसे नाही. डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या प्रारंभी बेल लॅबोरेटरीजमध्ये सी भाषा घडवली, तेव्हा संगणकाशी संवाद मुख्यत्वे अक्षरांतूनच होत असे. १९८९ साली या भाषेचे अमेरिकी प्रमाणीकरण झाले, त्यातही खिडकी, बटण किंवा माऊस यांना स्थान नव्हते आणि आजही नाही. त्यामुळे चित्रमय आज्ञावलीसाठी लागणारी प्रत्येक गोष्ट बाहेरून आणावी लागते. ती कोठे ठेवली आहे, हे कंपायलरला सांगावे लागते. नेमके इथेच घोडे पेंड खाते.

बाहेरून आणायच्या गोष्टी तीन. पहिली हेडर फाइल, म्हणजे लायब्ररीत काय काय उपलब्ध आहे याची सूची. दुसरी स्वतः लायब्ररी, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा भाग. तिसरी, आज्ञावली चालू होताना सोबत लागणारी सामायिक फाइल, जिला विंडोजवर ‘डीएलएल’ म्हणतात. यांपैकी काय सापडले नाही, हे चुकीच्या संदेशावरून ओळखता येते. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असा संदेश हेडर फाइलच्या नावासह आला, तर हेडरचा पत्ता चुकला आहे. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ किंवा ‘अनरिझॉल्व्ह्ड एक्स्टर्नल’ असा संदेश आला, तर हेडर मिळाले, भाषांतरही झाले, मात्र लिंकरला लायब्ररी सापडली नाही. फाइल तयार झाली, पण चालवताना एखादी डीएलएल नसल्याची तक्रार आली, तर तिसरा दुवा निखळला आहे. तिन्ही तक्रारींवरचे उपाय वेगवेगळे आहेत. पहिल्या प्रकारच्या चुकीवर तिसऱ्याचा उपाय करत बसल्याने कित्येकांचे तास वाया जातात.

टर्बो सीचा वारसा

भारतातील संगणकशिक्षणाचा विचार करताना बोर्लंड कंपनीच्या टर्बो सीला टाळून पुढे जाता येत नाही. १९८७ साली आलेल्या या साधनाने आणि १९९० साली आलेल्या टर्बो सी प्लस प्लसने लेखनाची जागा, कंपायलर, लिंकर आणि मदतपुस्तिका हे सर्व एकाच निळ्या पडद्यावर आणून ठेवले. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकावर देशभरातील विद्यार्थ्यांच्या पिढ्या सी शिकल्या आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत त्या पुस्तकाच्या शेजारी बहुधा टर्बो सीच असे.

टर्बो सीत चित्रे काढण्यासाठी ‘बोर्लंड ग्राफिक्स इंटरफेस’ ही लायब्ररी होती. रेघ, वर्तुळ, आयत अशी फंक्शने त्यात तयार मिळत आणि व्हीजीए पडद्यावर ६४० बाय ४८० ठिपक्यांत सोळा रंग वापरता येत. तरीही पहिले वर्तुळ उमटण्यापूर्वी दोन अडथळे ठरलेले होते. एक म्हणजे, मेनूतील लिंकरच्या पर्यायांत ग्राफिक्स लायब्ररीपुढे खूण केलेली नसेल, तर ‘इनिटग्राफ’ हे फंक्शन सापडत नाही, असे लिंकर सांगे. दुसरा अडथळा अधिक फसवा होता. ‘इनिटग्राफ’ला पडद्याच्या चालकफाइलीचा पत्ता द्यावा लागे आणि तो साधारणतः सी ड्राइव्हमधील ‘टीसी’ या फोल्डरातील ‘बीजीआय’ हे उपफोल्डर असा असे. या पत्त्यात तिरकी उलटी रेघ एकदाच लिहिली, तर सी भाषेच्या नियमानुसार रेघ आणि टी मिळून टॅब होतो, तर रेघ आणि बी मिळून बॅकस्पेस होतो. पत्ता डोळ्यांना बरोबर दिसतो. प्रत्यक्षात तो पार बिघडलेला असतो. रेघ दोनदा लिहिणे हा त्यावरचा उपाय. कारण माहीत नसताना हा उपाय केवळ मंत्रासारखा पाठ केला जात असे.

टर्बो सीने कित्येकांना प्रोग्रॅमिंगची गोडी लावली, हे खरे. त्याचबरोबर काळ पुढे गेल्यावरही अनेक ठिकाणी तेच साधन वापरात राहिले, हेही खरे. ते डॉसवर चालणारे १६ बिटांचे साधन आहे. त्यात पूर्णांकाची कमाल मर्यादा ३२,७६७ आहे. १९९८ साली सी प्लस प्लसचे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण झाले, त्याआधीची ही आवृत्ती असल्याने नेमस्पेससारख्या गोष्टी तिला ठाऊकच नाहीत. ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचे कार्यक्रम मुळी चालतच नाहीत. म्हणून डॉसबॉक्ससारख्या, जुन्या संगणकाचा आभास निर्माण करणाऱ्या कार्यक्रमात टर्बो सी चालवण्याची युक्ती रूढ झाली. तिने जुने अभ्यासक्रम तगले. मात्र त्यातून बाहेर पडून खऱ्या डेस्कटॉपसाठी खिडकी उघडू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला सारेच नव्याने शिकावे लागते; तेथे ‘ग्राफिक्स डॉट एच’ ही फाइल नसते आणि ‘इनिटग्राफ’ही नसते.

विंडोजचे दार

विंडोजची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९८५मध्ये आली. तिच्यासाठी सीमध्ये लिहिलेल्या आज्ञावलीचा घाट डॉसच्या आज्ञावलीहून वेगळा असतो. येथे ‘मेन’ऐवजी ‘विनमेन’पासून सुरुवात होते. खिडकीचा प्रकार आधी नोंदवावा लागतो, मग खिडकी तयार करावी लागते आणि त्यानंतर येणाऱ्या निरोपांची वाट पाहत एक चक्र अखंड फिरत ठेवावे लागते. माऊस हलला, कळ दाबली गेली, खिडकी झाकली जाऊन पुन्हा उघडी पडली, की प्रत्येक वेळी विंडोज आज्ञावलीला निरोप धाडते. आज्ञावली संगणकाला हुकूम देते, या जुन्या कल्पनेच्या जागी संगणक हाक मारेल तेव्हा ओ देणे, अशी ही उलटी मांडणी आहे. रिकामी खिडकी उघडायलाही पन्नासेक ओळी लागतात, त्या यामुळेच.

मोफत मिळणारा ‘मिनजीडब्ल्यू’ हा कंपायलर विंडोजवर वापरणाऱ्यांना ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू विनमेन ॲट १६’ हा संदेश कधी ना कधी भेटतोच. त्याचा अर्थ असा, की लिंकरला आज्ञावलीचे प्रवेशद्वार सापडलेले नाही. ‘मेन’ही नाही आणि ‘विनमेन’ही नाही. नावाच्या स्पेलिंगमधील चूक, फाइल जतन न करताच कंपाइल करणे किंवा अनेक फाइलींपैकी मुख्य फाइल वगळली जाणे ही त्याची नेहमीची कारणे. त्यातील १६ हा आकडाही निरर्थक नाही. ३२ बिटांच्या विंडोजमध्ये ‘विनमेन’ला चार बाइटांची चार मूल्ये दिली जातात, त्यांची बेरीज सोळा बाइट होते.

येथेही लायब्ररीचा प्रश्न सुटत नाही. रेघा आणि रंग यांचे काम ‘जीडीआय ३२’ ही लायब्ररी करते. फाइल निवडण्याच्या तयार चौकटीसाठी ‘कॉमडीएलजी ३२’ लागते. मिनजीडब्ल्यूला त्यांची नावे स्वतंत्रपणे सांगावी लागतात किंवा ‘एमविंडोज’ हा पर्याय द्यावा लागतो. या पर्यायामुळे नेहमीच्या चित्रलायब्ररी आपोआप जोडल्या जातात आणि खिडकीमागे उघडणारी काळी अक्षरी चौकटही नाहीशी होते. बोर्लंडच्या जुन्या फंक्शनांची नक्कल करणारी ‘विनबीजीआय’ ही लायब्ररी देव सी प्लस प्लस किंवा कोडब्लॉक्समध्ये वापरताना तर अर्धा डझन लायब्ररींची नावे एका विशिष्ट क्रमाने द्यावी लागतात. ग्नू लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो आणि आतापर्यंत ज्याची मागणी झाली आहे, तेवढेच उचलतो. म्हणून मागणी करणारा आधी आणि पुरवठा करणारा नंतर, असा क्रम पाळावा लागतो.

मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साधनांचा मार्ग दीर्घकाळ महागडा होता. १९९८ साली आलेले व्हिज्युअल सी प्लस प्लस ६.० हे विकत घ्यायचे साधन होते. २००५च्या मालिकेपासून ‘एक्सप्रेस’ आवृत्त्या मोफत मिळू लागल्या. मात्र २००५च्या सी प्लस प्लस एक्सप्रेसमध्ये विंडोजसाठी लागणारी हेडरे आणि लायब्ररी समाविष्ट नव्हती. प्लॅटफॉर्म एसडीके वेगळे उतरवून त्याचे पत्ते हाताने भरावे लागत. ‘विंडोज डॉट एच’ ही फाइलच सापडत नाही, अशी विचित्र तक्रार विंडोजच्या निर्मात्यांचेच साधन करी, ती या कारणाने. २०१४ साली आलेल्या मोफत ‘कम्युनिटी’ आवृत्तीने हा प्रश्न बराच सोडवला. तरीही आजच्या व्हिज्युअल स्टुडिओत बसवणीच्या वेळी ‘सी प्लस प्लससह डेस्कटॉप विकास’ हा संच निवडला नाही, तर कंपायलर येतच नाही. केवळ लेखनाची चौकट येते.

लिनक्स: असूनही नसणे

लिनक्सवर कंपायलर मिळवणे त्या मानाने सोपे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली पहिल्यांदा प्रसिद्ध केलेला ग्नूचा कंपायलर एका आज्ञेने बसतो. पुढचा गोंधळ वेगळा आहे. जीटीके ही खिडक्या-बटणांची लायब्ररी वापरणारे कार्यक्रम डेस्कटॉपवर चालताना डोळ्यांसमोर दिसत असतात आणि तरीही कंपायलर म्हणतो, ‘जीटीके डॉट एच’ नाही. याचे कारण वितरणांच्या रचनेत आहे. कार्यक्रम चालवण्यासाठी लागणारा भाग आणि कार्यक्रम लिहिण्यासाठी लागणारा भाग वेगवेगळ्या पॅकेजांत ठेवलेला असतो. डेबियन आणि उबुंटूमध्ये दुसऱ्या पॅकेजाच्या नावाअखेर ‘डेव्ह’ असते, फेडोरात ‘डेव्हेल’ असते. ते वेगळे बसवावे लागते.

ते बसवल्यावरही हेडरे एका जागी नसतात. जीटीके स्वतः ग्लिब, पॅंगो, कैरो अशा इतर लायब्ररींवर उभी आहे आणि प्रत्येकीचे फोल्डर निराळे आहे. हे सर्व पत्ते हाताने लिहिणे कर्मकठीण. त्यासाठी ‘पीकेजी-कॉन्फिग’ नावाचा छोटा कार्यक्रम आहे. लायब्ररीचे नाव सांगितले, की तो लागणारे सर्व पत्ते आणि जोडण्यांची यादी देतो. हा कार्यक्रम माहीत होणे, ही लिनक्सवरील चित्रमय प्रोग्रॅमिंगची खरी पहिली पायरी म्हणता येईल.

आवृत्त्यांचाही विचार करावा लागतो. जीटीकेची दुसरी आवृत्ती २००२ साली आली, तिसरी २०११ साली आणि चौथी डिसेंबर २०२०मध्ये. चौथ्या आवृत्तीत ‘जीटीके मेन’ हे मुख्य चक्र चालवणारे फंक्शन काढून टाकण्यात आले. साहजिकच जुन्या पुस्तकातील उदाहरण नव्या लायब्ररीवर कंपाइल होत नाही. चूक पुस्तकाची नसते आणि वाचकाचीही नसते; दोघांमध्ये काही वर्षांचे अंतर पडलेले असते.

कंपायलरची गोत्रे

नॉर्वेतील ट्रोलटेक कंपनीने १९९५ साली प्रथम प्रसिद्ध केलेली क्यूटी आणि १९९२ साली एडिंबरा विद्यापीठात सुरू झालेली डब्ल्यूएक्सविजेट्स या दोन लायब्ररी एकाच आज्ञावलीतून अनेक प्रणालींवर खिडक्या उघडू देतात. त्यांची सोय मोठी आहे, पण तयार लायब्ररी उतरवताना एक पथ्य पाळावे लागते. सी प्लस प्लसमध्ये कंपायलर प्रत्येक फंक्शनच्या नावाला त्याच्या प्रकाराची माहिती चिकटवून एक लांब नाव तयार करतो. हे नाव घडवण्याची मायक्रोसॉफ्टची रीत वेगळी आणि ग्नूची वेगळी. म्हणून एका गोत्राच्या कंपायलरने घडवलेली सी प्लस प्लस लायब्ररी दुसऱ्या गोत्राच्या लिंकरला ओळखता येत नाही. फाइल जागेवर असते, पत्ता बरोबर असतो आणि तरीही शेकडो ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ उमटतात. क्यूटी उतरवताना ती कोणत्या कंपायलरसाठी आहे हे विचारले जाते, ते याच कारणाने.

क्यूटीत आणखी एक कडी आहे. बटण दाबल्याची वार्ता एका वस्तूकडून दुसरीकडे पोहोचवण्यासाठी क्यूटी ‘मॉक’ नावाचा स्वतःचा पूर्वकंपायलर वापरते. नवा वर्ग लिहिल्यावर तो चालवला गेला नाही, तर लिंकर ‘व्हीटेबल’ सापडत नसल्याची तक्रार करतो. हा शब्द मूळ आज्ञावलीत कोठेही नसल्याने नवखा माणूस चक्रावून जातो. बांधणीची फाइल नव्याने तयार करून पुन्हा कंपाइल केले, की बहुतेक वेळा ही तक्रार मिटते.

३२ बिट आणि ६४ बिट यांचीही अशीच दोन गोत्रे आहेत. ६४ बिटांच्या लिंकरला ३२ बिटांची लायब्ररी दिली, तर ग्नू लिंकर ती ‘विसंगत’ म्हणून वगळतो आणि पुढच्याच ओळीत लायब्ररी सापडली नाही, असे सांगतो. शेवटची ओळ वाचून लायब्ररी पुन्हा उतरवत बसण्यापेक्षा आधीची ओळ वाचणे हिताचे. संगणकावर पूर्वी बसवलेला दुसराच कंपायलर ‘पाथ’ या यादीत आधी येत असेल, तर नवा बसवूनही जुनाच चालतो. विंडोजवर ‘व्हेअर’ आणि लिनक्सवर ‘विच’ ही आज्ञा दिली, की नेमका कोणता कंपायलर हाकेला धावतो, ते कळते.

देवनागरीची परीक्षा

खिडकी उघडली आणि तिच्यावर ‘विद्यार्थी’ असे मराठीत लिहायचे ठरवले, की मराठी माणसापुढे आणखी एक अडचण उभी राहते. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते, पण दिसते व्यंजनाच्या आधी. ‘द्या’चे जोडाक्षर होते, ‘र्थी’तील रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. हे काम साध्या अक्षर-छपाईचे नाही. त्यासाठी अक्षरजुळणी जाणणारा स्वतंत्र भाग लागतो. विंडोजमध्ये देवनागरीची अशी सोय विंडोज २०००पासून आली. जीटीकेत हे काम पॅंगो करते. बोर्लंडच्या जुन्या ग्राफिक्समध्ये ते शक्यच नव्हते.

विंडोजमध्ये बहुतेक अक्षरविषयक फंक्शनांची दोन रूपे आहेत, एक जुन्या एकबाइटी लिप्यांसाठी आणि दुसरे युनिकोडसाठी. देवनागरीसाठी विंडोजने जुना एकबाइटी संकेत कधीच ठेवलेला नाही. त्यामुळे पहिले रूप वापरले, तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा अगम्य चिन्हे उमटतात. ‘युनिकोड’ हा शब्द ‘विंडोज डॉट एच’ मागवण्यापूर्वी घोषित करणे हा रूढ उपाय आहे. २०१९ सालच्या विंडोज १०च्या सुधारणेपासून आज्ञावलीला यूटीएफ-८ हा संकेतही स्वीकारता येतो. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला मूळ फाइल यूटीएफ-८मध्ये आहे, हेही वेगळ्या पर्यायाने सांगावे लागते. ग्नू कंपायलर ते गृहीत धरतो.

फोल्डरांच्या नावांचाही येथे संबंध येतो. विंडोजवरील वापरकर्त्याचे नाव देवनागरीत असेल किंवा त्यात मोकळी जागा असेल, तर त्या नावाच्या फोल्डरातून वाट काढताना काही जुनी साधने अडखळतात. म्हणून कंपायलर आणि स्वतःचे काम ड्राइव्हच्या मुळाशी, छोट्या रोमन नावाच्या फोल्डरात ठेवण्याचा सल्ला अनुभवी मंडळी देतात.

दुसऱ्याच्या संगणकावर

आपल्या संगणकावर चाललेली आज्ञावली मित्राच्या किंवा परीक्षकाच्या संगणकावर चालेलच, याची हमी नसते. मिनजीडब्ल्यूने तयार केलेल्या सी प्लस प्लस फाइलीला स्वतःच्या काही डीएलएल लागतात. त्या सोबत द्याव्या लागतात किंवा ‘स्टॅटिक’ जोडणीने फाइलीतच सामावून घ्याव्या लागतात. मायक्रोसॉफ्टच्या साधनाने ‘डीबग’ पद्धतीने बांधलेली फाइल इतरत्र न्यायची नसते, कारण तिला लागणाऱ्या डीएलएल केवळ विकासकाच्या संगणकासाठी असतात. ‘रिलीज’ पद्धतीने बांधून, गरज असल्यास त्या आवृत्तीचा पुनर्वितरण संच सोबत द्यावा लागतो. क्यूटीच्या पाचव्या आवृत्तीपासून ‘प्लॅटफॉर्म प्लगइन’ सापडत नाही, असा संदेश अनेकांनी पाहिला असेल. त्यासाठी क्यूटीसोबत येणारे ‘विनडिप्लॉयक्यूटी’ हे साधन लागणाऱ्या सर्व फाइली एका फोल्डरात गोळा करून देते. प्रकल्प सादर करण्याच्या सकाळी ही बाब लक्षात येण्यापेक्षा आठवडाभर आधी दुसऱ्या संगणकावर चाचणी घेणे शहाणपणाचे.

इतर वाटा

ॲपलच्या मॅकवर कंपायलर एक्सकोडमधून किंवा स्वतंत्र ‘कमांड लाइन टूल्स’मधून मिळतो. मात्र एक्स विंडोवर आधारित जुनी उदाहरणे तेथे थेट चालत नाहीत, कारण २०१२ सालच्या आवृत्तीपासून ॲपलने एक्स ११ प्रणालीसोबत देणे थांबवले. जावाचा मार्ग पकडणाऱ्यांना स्विंग ही लायब्ररी जावासोबतच मिळते. परंतु जावाएफएक्स २०१८ सालच्या अकराव्या आवृत्तीपासून मुख्य संचातून वेगळी झाली आणि त्यापूर्वीच्या पुस्तकांतील सूचना अपुऱ्या पडू लागल्या. पायथनमध्ये टीकेइंटर ही लायब्ररी विंडोजवरील अधिकृत संचात येते. डेबियन आणि उबुंटूवर मात्र तिचे पॅकेज वेगळे बसवावे लागते. दोन-चार ओळींत खिडकी उघडून दाखवायची असेल, तर नवशिक्यासाठी सध्या ही सर्वांत कमी खटाटोपाची वाट आहे. पास्कलची आवड असणाऱ्यांसाठी लॅझरस हे मोफत साधन आहे. त्यात कंपायलर, लायब्ररी आणि खिडकी आखण्याची सोय एकत्र येते.

विंडोजवर लिनक्सचे कप्पे वापरणाऱ्यांना पूर्वी ‘डिस्प्ले उघडता येत नाही’ असा संदेश येई, कारण त्या कप्प्याला स्वतःचा पडदा नव्हता. २०२१पासून विंडोज ११मध्ये लिनक्सच्या खिडक्या थेट दाखवण्याची सोय झाली आहे.

क्रमाने जावे हे उत्तम

या साऱ्या अनुभवांतून एक क्रम हाती लागतो. प्रथम कंपायलरची आवृत्ती विचारावी आणि तो उत्तर देतो का, ते पाहावे. मग ‘नमस्कार’ छापणारी साधी अक्षरी आज्ञावली चालवावी. ती चालत नसेल, तर चित्रांकडे वळण्यात अर्थ नाही. त्यानंतर लायब्ररीसोबत आलेले तिचे स्वतःचे उदाहरण एक अक्षरही न बदलता कंपाइल करावे. ते चालले, म्हणजे मांडणी बरोबर आहे आणि पुढच्या चुका आपल्या आज्ञावलीतील आहेत. चुकांच्या यादीत नेहमी पहिली चूक आधी वाचावी, कारण पुढच्या अनेक चुका तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात. कंपायलर, लायब्ररी आणि प्रणाली यांच्या आवृत्त्या तसेच यशस्वी ठरलेली पूर्ण आज्ञा वहीत टिपून ठेवावी. सहा महिन्यांनी संगणक बदलला, की या टिपणाची किंमत कळते.

शाळा-महाविद्यालयांसाठीही यात धडा आहे. प्रयोगशाळेतील संगणकांवर सर्व काही आधीच बसवलेले असते. विद्यार्थी घरी जाऊन तेच करू पाहतो, तेव्हा त्याच्या हाती फक्त आज्ञावलीचा मजकूर असतो. घरी कोणी विचारायला नसेल, तर पहिल्याच चुकीपाशी त्याचा अभ्यास थांबतो. ज्यांच्या घरात कोणी संगणकक्षेत्रात आहे त्यांना हा अडथळा जाणवतही नाही, आणि ज्यांच्या घरात संगणकाला हात लावणारी पहिली पिढी आहे त्यांना तोच सर्वांत उंच वाटतो. बसवणीच्या पायऱ्या, लायब्ररींची नावे आणि नेहमीच्या चुकांचे अर्थ यांचे एक पानभर टिपण पहिल्या तासाला विद्यार्थ्यांच्या हाती दिले आणि हेडर, लायब्ररी, डीएलएल यांतील भेद फळ्यावर समजावून सांगितला, तर यातील बरीच मुले रिकामी खिडकी उघडण्यापर्यंत नक्की पोहोचतील.